पद्मिनीच्या दारांचं रबर : मे अखेरपर्यंत कुठवर आलंय

मंडळी, इंजिनाचं काम सध्या बाजूला ठेवलंय. मृग लागायच्या आत चारही दारांच्या कडेचं, पाणी अडवणारं रबर उरकायचं ठरवलं होतं. उजवीकडची दोन दारं पूर्ण झाली, डावीकडचं पुढचं दार निम्म्यावर आहे आणि मागच्याला अजून हात लावलेला नाही. गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं व्हायचं आणि चार दिवस वाळायचं नाही, त्यावरून हे सगळं सुरू झालं.

आधी जुनं रबर. माझ्या गाडीत ते दाराच्या आतल्या कडेवर चिकटवलेलं आहे. सरळ भागात ते दगडासारखं कडक झालं होतं, पण तुटलं होतं ते फक्त कोपऱ्यांत. याला कारण आहे. नैसर्गिक रबराला हवेतला ओझोन खातो, आणि ताणलेल्या जागी सर्वांत आधी खातो. त्यामुळे चिरा ताणाच्या आडव्या पडतात. कोपऱ्यावर ओढून बसवलेलं रबर कायमच ताणात असतं, म्हणून पहिली भेग तिथे. तुमच्या गाडीचं रबर वरवर धड दिसत असेल तर कोपरा बोटाने वाकवून बघा, चिरा लगेच उघडतात.

त्यात आधीच्या कुणीतरी भेगांवर घरगुती सिलिकॉन थापलं होतं, बाथरूमच्या टाइल्सला लावतात ते. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो त्या जातीचं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नये. ते वाळताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि पत्र्याला गंज धरतो. इथे नेमकं तेच झालेलं. रबर सोलल्यावर दाराच्या खालच्या कडेला तपकिरी पापुद्रे हातात आले.

रबर मिळवणं हा वेगळाच विषय. मुंबईत काळी-पिवळी धावत होती तोवर फियाटचं काहीही कुठेही मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून तीही रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईक संपलं तसा माल संपत आला. पुण्यात नाना पेठेत एका दुकानात विचारलं तर मालक म्हणाले, "फियाटचं आता कोण विचारतंय साहेब? माळ्यावर बघावं लागेल." त्यांनी माळ्यावरून खरोखरच एक सीलबंद सेट काढून दिला. पिशवीवर धूळ, आत रबर काळंभोर. पण घडी उलगडताना ते सरळ होईना. न वापरलेलं रबरही नुसतं पडून पडून म्हातारं होतं, हे जुन्या मालाच्या मोहात आपण विसरतो. तो सेट तिथेच ठेवला. जुन्या बाजारातली रविवारची फेरीही कोरडीच गेली, म्हणजे रबराच्या बाबतीत. एक हबकॅप आलाच घरी.

शेवटी मीटरवर मिळणारं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं स्पंज रबर घेतलं, इंग्रजी डीच्या आकाराचं, आतून पोकळ. ऊन आणि ओझोन याला फारसे बाधत नाहीत, आणि हल्लीच्या गाड्यांत दारांना हेच असतं. घेताना एक चाचणी जरूर करा. छोटा तुकडा पाण्यात बुडवून दोन-चार वेळा दाबायचा, बाहेरून पुसायचा आणि कागदावर पिळायचा. कागद ओला झाला तर त्या स्पंजची छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत. तो पाणी पिऊन बसतो आणि महिनाभर पत्र्याला ओला ठेवतो, तो घ्यायचा नाही. लांबी किती लागेल यासाठी दाराभोवती सुतळी फिरवून मोजा आणि वर हातभर जास्त घ्या.

आता ज्यावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला ते. रबर किती जाडीचं घ्यायचं हे दुकानदार सांगू शकत नाही आणि जुनं रबरही सांगू शकत नाही, कारण ते चेपून गेलेलं असतं. मी मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले घेतली, तिच्या गोळ्या दाराच्या कडेवर ठिकठिकाणी ठेवल्या, वर प्लास्टिकचा कागद टाकला म्हणजे रंगाला चिकटत नाही, आणि दार हलकेच कडीत बसेपर्यंत लावलं. उघडल्यावर प्रत्येक चेपलेल्या गोळीची जाडी व्हर्नियरने, म्हणजे मिलिमीटर मोजायच्या पकडीने, मोजली. कडीच्या बाजूला खाली १४ मिमी, वर ७ मिमी. एकाच दारात दुप्पट फरक! अशा दाराला कोणतंही रबर लावा, वर दार उसळणार आणि खाली पाणी येणार.

म्हणून आधी बिजागऱ्या. दार अर्धं उघडून खालून दोन्ही हातांनी उचलून बघितलं, तर चांगलं हललं. वरच्या बिजागरीची पिन झिजलेली होती. लेथवाल्याकडून भोक किंचित मोठं करून त्या मापाची पिन वळवून घेतली. दार वर आलं तसा कडीचा स्ट्रायकरही, म्हणजे चौकटीवरचा कडी अडकते तो तुकडा, सरकवावा लागला. पुन्हा क्ले, पुन्हा व्हर्नियर. आता खाली १० आणि वर ९. मग १४ मिमी उंचीचं रबर घेतलं, म्हणजे दार लावल्यावर ते साधारण तिसरा हिस्सा दबतं. दोन-चार ठिकाणी कमी-जास्त आहे, पण स्पंज तेवढं पोटात घेतो. दाराचं सेटिंग न बघता रबर लावून देणारे कारागीर भरपूर आहेत. ते दार आपटून बसवतात आणि "साहेब, आठ दिवसांत बसेल" म्हणतात. नवं रबर थोडं बसतं हे खरं, पण लोंबणारं दार बसत नाही.

गंजाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. ड्रिलला तारेचा ब्रश लावून चकचकीत पत्रा येईपर्यंत घासलं, फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, मग झिंक प्रायमर, मग रंग. रंग पूर्ण पिकू द्या. अर्धवट वाळलेल्या रंगावर रबर चिकटवायचं सोल्यूशन लावलं तर ते रंगाला सुरकुत्या आणतं. दाराच्या तळाशी पाणी वाहून जायची भोकं असतात. ती माती आणि जुन्या रंगाने बुजली होती, सायकलच्या स्पोकने मोकळी केली. एका भोकातून ओंजळभर काळी माती निघाली आणि ती अजून दमट होती, भर मे महिन्यात.

चिकटवण्याची पद्धत अशी. नव्या रबरावर कारखान्यातली पावडर आणि मेणचट थर असतो. ईपीडीएमला तसंही काही सहज चिकटत नाही, त्यामुळे चिकटणारी बाजू बारीक पॉलिशपेपरने खरवडून थिनरच्या फडक्याने पुसली. काँटॅक्ट जातीचं सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावायचं, दारालाही आणि रबरालाही, आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. पुण्याच्या उन्हात दुपारी हे काही मिनिटांत वाळून जातं आणि मग धरत नाही, म्हणून सकाळी सातला, गाडी सावलीत असतानाच. जोड खालच्या कडेला मध्यावर ठेवला आणि तिथूनच सुरुवात केली.

रबर ओढायचं नाही. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. ओढून लावलेलं रबर त्या दिवशी सुरेख दिसतं, आणि महिन्याभरात आखडून जोडापाशी फट पडते. मी उलट दर वीतभर अंतरावर किंचित मागे ढकलत लावत गेलो. कोपऱ्यावर तर मुद्दाम जास्तीचं रबर कोंबलं, कारण तिथे वळणामुळे पोकळी चपटी होते आणि नेमकी तिथेच सील सुटते. शेवटी दोन टोकं नव्या ब्लेडने काटकोनात कापली, दोन-तीन मिमी जास्तीची ठेवली आणि फेवीक्विकच्या एका थेंबाने जोडली. पोकळ रबराला मागच्या बाजूने मधूनमधून दाभणाने भोकं पाडली. आतल्या हवेला वाट मिळाली नाही तर दार लावताना उशी तयार होते आणि दार मागे येतं. रात्रभर दार कडीच्या पहिल्याच खटक्यावर ठेवलं, पूर्ण दाबलं नाही. सकाळी रबरावर टाल्कम पावडर चोळली. ग्रीस किंवा इंजिन ऑइलचा हात चुकूनही लावू नका, ईपीडीएम त्याने फुगतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

मग चाचणी. कागदाची पट्टी दारात धरून ओढून बघितली, सगळीकडे अडकत निघते. रात्री आत बॅटरी लावून बाहेरून पाहिलं, कुठे उजेड नाही. पाइपाने पाणी सोडलं, खालून वर, बारीक धारेने. आणि तरीही पायाखाली पाणी!

डोअर पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, उघडलं तेव्हा उलगडा झाला. दाराची खिडकीची काच वरखाली होते, त्यामुळे तिच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी जाणारच. ते तळाच्या भोकांतून खाली पडावं अशीच रचना आहे. पण आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, लॉकसाठी आणि काच फिरवायच्या यंत्रासाठी, आणि त्यांतून पाणी पॅडवर येऊ नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद लागतो. माझ्या गाडीत तो नव्हताच. पाणी थेट हार्डबोर्डच्या पॅडवर, पॅड खालून फुगून पोळीसारखं सुटलेलं, आणि तिथून थेंब मॅटवर. दाराचं रबर या सगळ्यात निर्दोष. जाड पॉलिथिन कापून कडेने चिकटवलं, आणि त्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत सोडली, पॅडच्या बाजूला नाही. कागदावरून ओघळलेलं पाणी पुन्हा दारातच पडलं पाहिजे. पुन्हा पाइप सोडला, पंधरा मिनिटं. मॅट कोरडं, आणि दाराच्या तळातून बाहेर टपटप पाणी. तुमचंही मॅट ओलं होत असेल तर रबर मागवण्याआधी पॅड काढून हे बघा. पॉलिथिनचा खर्च चहाच्या बिलापेक्षा कमी आहे.

एक फायदा अनपेक्षित. दार आता भरीव आवाज करून लागतं, आणि साठच्या वेगाला पुढच्या छोट्या काचेची शिट्टी ऐकू येते. आधी बाकीच्या आवाजात ती दबलेली होती. त्या तिकोनी काचेचं रबर साच्यातलं असतं, मीटरवर मिळत नाही, आणि बाजारात आलेले नमुने फारच कडक आहेत, काच फिरता फिरत नाही.

पुढचं असं. डावीकडची दोन दारं या आणि पुढच्या आठवड्यात. डिकीचं रबर त्याच मापात बसेल की जाड लागेल, ते क्लेने मोजून सांगेन. पुढची काच पावसाळ्यात उतरवणार नाही. तिचं बीडिंग, म्हणजे काचेभोवतीचं रबर, अजून मऊ आहे, आणि सुतळी घालून काच बसवायला जाणता माणूस हवा, तो दिवाळीनंतर मोकळा होतोय. तोवर छोट्या काचेचं मऊ रबर कुणाला कुठे मिळालं असेल तर दुकान आणि गल्ली कळवा, दोन्ही बाजूंचे नग लागतील.