समुद्रात कुठं डांबर असतंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो आणि एकदाच सांगतो, कारण सोलापुरात पार्क चौकात चहाला थांबलं की कुणीतरी सुरू करतंच, "सर, तुम्ही तर हवामान बदल थोतांड म्हणायचात, मग पलटी का मारली?" पलटी नाही मारली बाबांनो. म्हणजे मारली, पण तुम्हाला वाटतंय तशी नाही.

2010 साल आठवा. हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत संपणार हे आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालातलं वाक्य चूक निघालं, त्यांनी कबूल पण केलं, त्याच्या जरा आधी इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान शास्त्रज्ञांचे ईमेल फुटलेले. मी खूश! बुवाबाजीविरुद्ध सभा घेणारा माणूस मी, म्हटलं ही पण बुवाबाजीच, फक्त इंग्रजीतली. पोरांना सांगायचो, शहरं वाढली, डांबर वाढलं, थर्मामीटर तिथंच, मग आकडा चढणारच की. मे महिन्यात पत्र्याखाली बसलेल्या पोरांना ते लगेच पटायचं.

तेव्हा नवी पेठेत क्लास होता माझा. एक मुलगी होती, पूर्व भागातली, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. कधी बोलायची नाही. त्या दिवशी हात वर केला. "सर, समुद्रात कुठं डांबर असतंय? तिथलं पाणी पण तापायलंय ना?"

मला उत्तर येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. आणि ते कळू नये म्हणून मी "समुद्रम्, समुद्रम्" असा हेल काढून तिची नक्कल केली. अख्खा वर्ग हसला. ती पण हसली जराशी, मग पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि फळ्याकडं बघत बसली. बारावी संपेपर्यंत परत हात वर नाही केला.

आता म्हणाल, एवढ्यानं मत बदललं? नाही. 2012 ला अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर, स्वतः शंकेखोर, त्यांनी जुन्या नोंदी परत तपासून जाहीर सांगितलं की वाढ खरी आहे, शहरांमुळं आकडा फुगलेला नाही आणि कारण माणूसच. मी ते पण मानलं नाही, दोन वर्षं. मग वाचलं की सूर्यामुळं असतं तर वातावरणाचा वरचा थर पण तापला असता, तो तर थंड होतोय आणि खालचा तापतोय. आयुष्यभर फिजिक्स शिकवलेलं, तिथं गप्प बसलो.

पण सीना नदीला पूर आला तरी क्लायमेट चेंज, पाऊस ओढ देतोय तरी क्लायमेट चेंज, हे मी आजही मुकाट ऐकून घेत नाही. 1972 ला वडलांनी खडी फोडली, सोलापूरला दुष्काळ काय नवा आहे का? बोलतो खरं असं, आणि मग वाटतं, हे तपासून बोलतोय का परत तेच चाललंय माझं.

मागच्या गड्ड्याच्या जत्रेला दिसली ती मुलगी, पोराला पाळण्यात बसवत होती. "नमस्कार सर" म्हणाली. मी विचारलं, पाळण्याचं तिकीट कितीचं आहे.