खांदेरीचा वळसा राहिला

सोमवार रात्र, धरमपेठ, नागपूर

दुरांतोतून सकाळी उतरलो, आंघोळ केली, ऑफिसही उरकलं, तरी खुर्ची अजून डुलूनच राहिली आहे. डॉक्टर मित्र म्हणतो, हेलकाव्यांना सरावलेला मेंदू अजून बोटीवरच आहे, एखाद-दोन दिवसांत उतरेल. घड्याळाच्या पट्ट्यातून मीठ निघालं ते वेगळंच.

बोट आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या मित्राची. म्हणजे त्याची आणि मुंबईतल्या दोघांची भागीदारीत. 28 फुटी, मागे दोन आउटबोर्ड इंजिनं, आणि चालवायला अलिबागजवळच्या थळचा एक पगारी तांडेल, म्हणजे बोटीचा चालक. बेत साधा होता. गेटवेहून निघायचं, समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याला वळसा घालायचा, येताना मांडव्याला जेवायचं आणि संध्याकाळी परत. खांदेरीचा हट्ट माझा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत महाराजांचे 12 किल्ले गेले त्यात ती आहे, आणि आम्हा विदर्भातल्यांना जलदुर्ग बघायला मिळतो तरी कधी?

निघायलाच साडेअकरा झाले. लाइफ जॅकेट बघून सोबतच्या वकील मित्राने कुरकुर केली, "गर्मी होते ना बे." तांडेल म्हणाला, "घातल्याबिगर बोट सुटणार नाय." 18 डिसेंबर 2024 ला इथूनच घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकली होती. त्याचा विषय निघाला आणि वकिलाने गुपचूप पट्टे आवळले.

जाताना खरंच मजा आली. वारा वायव्येचा, म्हणजे पाठीशी. बोट लाटांसोबत घसरत चालली होती, संत्रा बर्फीचा डबा फिरत होता, गाणी चालू होती. खांदेरीचा दीपस्तंभ दिसायला लागला, मग तटही. आणि तिथे तांडेलाने वेग कमी केला.

"शेट, आता म्होरं नको. परत फिरू."

"काहून? समोर तर आहे. एक चक्कर मारून टाकू."

"जाताना जाऊ. येताना वारा तोंडावर घ्यावा लागंल. पाणीपण उतराय लागलंय."

आमचा हा मित्र गूगल मॅपचंसुद्धा ऐकत नाही. बोटीवर त्याचे पैसे, पाहुणे त्याचे, समोर मीही तोंड पाडून उभा. पण त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फिरव."

फिरवल्यावर कळलं. इतका वेळ जो वारा लागतच नव्हता तो थाडकन तोंडावर आला. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते. मार्क मिळाले, धडा विसरलो. नागपुरात बसून त्याचं करायचं काय होतं? त्यात अमावास्या नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. मुंबईत तेव्हा भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, आणि ते सगळं पाणी दुपारी बाहेर निघालेलं, तर वारा आत घुसणारा. दोन्ही समोरासमोर आले की लाटा फार उंच होतात असं नाही, पण जवळजवळ येतात आणि उभ्या राहतात. एकीवरून उतरेपर्यंत दुसरी हजर. बोटीचं नाक आपटलं की धक्का बुडापासून दातांपर्यंत जायचा.

मी तांडेलाच्या हाताकडेच बघत बसलो. लाट चढताना तो थ्रोटल हलकेच पुढे रेटायचा आणि माथ्यावर पोचायच्या आत मागे घ्यायचा, म्हणजे बोट हवेत उडायची नाही. लाट सरळ अंगावर न घेता जरा तिरकी घ्यायची. मोठी दिसली तर थांबून तिला जाऊ द्यायची. हे एकसारखं, मांडवा येईपर्यंत, एक शब्द न बोलता. कंबर अशी सैल की खालची बोट हलते आहे आणि हा नाही.

सगळ्यांना सकाळी अ‍ॅव्होमिन, म्हणजे उलटी होऊ नये म्हणूनची गोळी, वाटणारा डॉक्टर स्वतः घ्यायला विसरला होता. गोळी आधी घ्यावी लागते, बोट लागल्यावर फारसा उपयोग नाही, हे त्यानेच सांगितलेलं. त्याचं डोकं कठड्याबाहेर आणि वकील त्याचं जॅकेट मागून धरून. "किनाऱ्याकडं बघा, पाण्यात नको," तांडेल एवढंच म्हणाला.

त्या आपटण्यात डोक्यात 1679 घोळत होतं. पावसाळा पुरता सरलेला नसताना महाराजांनी खांदेरीवर किल्ल्याचं काम सुरू केलं. त्यांच्या आरमाराचा मायनाक भंडारी तिथे, आणि इंग्रजांची जहाजं वाट अडवून. मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या होड्या रात्री त्यांच्यामधून बांधकामाचं सामान नेत राहिल्या. पुस्तकात हे शौर्य म्हणून वाचलं होतं. काल पहिल्यांदा वल्हवणाऱ्यांच्या खांद्यांचा विचार आला. आमच्याकडे दोन इंजिनं होती आणि दगड तर नव्हतेच.

मांडव्याच्या बंधाऱ्याआड पाणी एकदम निवलं. सुरमई फक्त मालकाने खाल्ली. बोट तांडेलाजवळ ठेवून आम्ही रो-रो फेरीबोटीने मुंबईत भाऊच्या धक्क्याला आलो. ते जहाज एवढं मोठं की डॉक्टरने चहा मागवला.

आत्ता ग्रुपवर मालकाचा निरोप आलाय: पुढच्या महिन्यात पहाटे निघू, वारा सुटायच्या आत परत. वकिलाने लिहिलं, "आधी आपल्या फुटाळा तलावात चालवून दाखव." मी हो म्हटलं आहे, पण तांडेल तोच असेल तर, असं खाली घातलंय.