दोन डोळे, दोन पांढरे

सोमवार

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं अजून व्हायचंय. त्यामुळे सध्या माझ्याकडे दोन पांढरे रंग आहेत. उजवा डोळा झाकला की समोरची भिंत पिवळट, जुनाट दिसते. डावा झाकला की तीच भिंत इतकी पांढरी होते की तिच्यात नीळ घातली आहे असं वाटावं. सकाळपासून मी एकेक वस्तू अशी आलटून पालटून बघते आहे. देवघरातलं निरांजन, दुधाचं पातेलं, जास्वंदीची कुंडी. तांबड्यात फारसा फरक नाही, निळ्यात मात्र विलक्षण. सुनेच्या ओढणीचा रंग मी करडा समजत होते, तो चक्क मोरपंखी निघाला.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांना याबद्दल विचारलं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं, पुढे तपकिरी होत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेत राहतो आणि पांढऱ्याला पांढरंच म्हणत राहतो. म्हणजे इतकी वर्षं मी पिवळ्या काचेतून बघत होते आणि मला पिवळं काहीच दिसत नव्हतं! तुलनेला दुसरा डोळा मिळाला तेव्हा पहिला कळला.

मी विचारलं, "मग आता दिसतं ते खरं ना?" ते थोडे थांबले. म्हणाले, हे नवं भिंगही माणसानं केलेलं आहे, अतिनील किरण अडवण्यासाठी त्यात खास द्रव्य घातलेलं असतं, आणि काही भिंगांना तर मुद्दाम फिकट पिवळी छटा दिलेली असते. पूर्वी भिंग काढून टाकायचे पण आत नवं बसवायचे नाहीत, त्या काळच्या काही रुग्णांना अतिनील प्रकाशही थोडासा, फिकट निळसर असा दिसे. मधमाशीला तर तो दिसतोच. तेव्हा "खरा पांढरा" कुणाच्या डोळ्यातला धरायचा, हे डॉक्टरच्या हातात नाही.

एवढं बोलून त्यांनी थेंबांचं वेळापत्रक लिहून दिलं.

मंगळवार

दुपारी कपाट उघडलं. ह्यांचे दोन सदरे मी अजून ठेवले आहेत. त्यातला एक आम्ही लक्ष्मी रोडवर घेतला होता. तो मोतिया रंगाचा आहे, अशी माझी ठाम आठवण. शेवटच्या आजारपणातही हे तोच घालून गॅलरीत बसायचे, आणि त्या रंगात त्यांचा चेहरा मला फार शांत दिसायचा. आज उजव्या डोळ्यानं तो सदरा पांढराशुभ्र आहे. डाव्यानं मोतिया.

पलंगावर बसून राहिले. सदऱ्याच्या रंगाचं काही नाही. पण त्या शेवटच्या वर्षांत मी ह्यांना बघितलं ते याच डाव्या आणि तेव्हाच्या उजव्या डोळ्यांनी. गॅलरीतलं ऊन, त्यांचे हात, ती शांती. ते सगळं जर पिवळ्या भिंगाचं देणं असेल, तर मी बघितलं कुणाला? "जग मिथ्या आहे" हे वाक्य मी आयुष्यभर प्रवचनांतून ऐकत आले, मान डोलावत आले. आज ते पहिल्यांदा अंगावर आलं, आणि मला ते मान्य करता येईना.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कावीळ झालेल्या डोळ्याचा दृष्टांत आहे. त्या डोळ्याला चांदणंही पिवळं दिसतं, तसे लोक माझ्या निर्मळ स्वरूपात दोष बघतात, असं भगवंत म्हणतात. किती वेळा वाचला असेन. तो पिवळा डोळा माझाच असेल असं कधी मनात आलं नव्हतं, तो नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी असायचा.

मंगळवार, रात्री

झोप नाही. डोळ्यावरची जाळी सांभाळत उताणं पडायचं, म्हणजे विचारांना रान मोकळं.

"दृग्दृश्यविवेक" नावाचं छोटं संस्कृत प्रकरण आहे. कुणी ते शंकराचार्यांच्या नावावर सांगतात, कुणी भारतीतीर्थांच्या. त्याचा पहिलाच श्लोक मला पाठ आहे: रूपं दृश्यं लोचनं दृक् तद्दृश्यं दृक्तु मानसम्. रूप दिसतं, डोळा बघतो. मग तो डोळाच दृश्य होतो आणि मन बघतं. मनाच्या वृत्तीही दृश्य होतात, त्यांना साक्षी बघतो, आणि त्या साक्षीला मात्र कुणी बघू शकत नाही. पुढे तिसऱ्या श्लोकात डोळ्याच्या तीन अवस्था येतात: आंध्य, मांद्य, पटुत्व. आंधळेपणा, मंदपणा, तीक्ष्णपणा. या डोळ्याला येतात-जातात आणि मन त्यांना एकसारखं जाणतं. आज हे माझ्या बाबतीत अक्षरशः घडतं आहे. डावा मंद, उजवा तीक्ष्ण, आणि "हा मंद, हा तीक्ष्ण" असं जिला कळतंय ती जाणीव दोन्हींकडे सारखीच. तिच्यात मोतीबिंदू वाढला नाही आणि तिचं ऑपरेशनही झालं नाही.

माझे सासरे गिरगावचे. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराजांच्या पोटमाळ्यावर ते बसायला जात. महाराजांचा विडीचा धंदा, इंचगिरी संप्रदायाचे, सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य. 1981 साली निसर्गदत्त महाराज गेले तेव्हा सासऱ्यांनी दिवसभर कुणाशी बोलणं केलं नाही. घरात ते एकच गोष्ट सांगायचे: "मी अमुक, मी तमुक" यातलं अमुक-तमुक गळू दे आणि नुसत्या "मी आहे" या जाणिवेपाशी थांब. मी तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकायची. एवढं थांबायला वेळ कुणाला होता! आज रात्री थांबले. अंधारात रंग नाही, भिंग नाही, आणि "आहे" एवढं मात्र स्पष्ट.

पण सदरा राहिलाच. साक्षी वेगळा झाला, निवांत झाला, आणि ज्याला बघितलं तो माणूस दृश्याच्या बाजूला पडला. हे मला पुरेसं वाटत नाही.

बुधवार

नातीनं आज एक प्रयोग दाखवला. कोऱ्या कागदावर वीतभराहून कमी अंतरावर दोन ठळक ठिपके काढले. "आजी, डावा डोळा झाक, उजव्या डोळ्यानं डावीकडच्या ठिपक्याकडेच बघ आणि कागद हळूहळू जवळ आण." आणला. एका ठिकाणी उजवीकडचा ठिपका नाहीसा झाला. आणखी जवळ आणला तर परत हजर.

डोळ्याच्या पडद्यावर जिथून मज्जातंतू बाहेर पडून मेंदूकडे जातो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तिथे आपण सगळेच आंधळे. मारिओत नावाच्या फ्रेंच माणसानं सतराव्या शतकात हा अंधबिंदू शोधला. नातीला त्याहून जास्त गंमत दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती: ठिपका गेला तिथे भोक दिसलं नाही, कागदच दिसला. "मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो, आजी." रेघोट्यांच्या वहीवर करून बघितलं तर रेघाही सलग.

मी तो कागद कितीदा जवळ-लांब केला असेल. जिथे मला काहीच दिसत नाही तिथे मला कागद दिसतो! हे दिसणं कुणाचं? डोळ्याचं तर नक्कीच नाही. बाहेरचं जग जसंच्या तसं आत येतं आणि आत बसलेली मी ते नुसती पाहते, हे चित्र इथे मोडतं. पाहणारी पाहण्यात काहीतरी घालते आहे, आणि घातलेलं आणि आलेलं यांच्यात तिला शिवण सापडत नाही.

काल रात्रीचा साक्षी मला फार अलिप्त वाटला होता. या ठिपक्यानं सांगितलं की तो इतका अलिप्त नाही.

गुरुवार

आमच्या मंडळात सध्या चांगदेव पासष्टी चालू आहे. मला अजून वाचायची परवानगी नाही, म्हणून नुसती ऐकायला गेले. कोऱ्या पत्राची कथा सगळ्यांना माहीत आहे. ज्ञानदेव वयानं लहान, अधिकारानं मोठे. मायना चिरंजीव घालावा की तीर्थरूप, हे न ठरल्यामुळे चांगदेवांनी कोरा कागद पाठवला, आणि मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तर दिलं, ते हे पासष्ट ओव्यांचं.

आज चौथ्या ओवीपाशी मी अडखळले ती पुढे गेलेच नाही:

सोनें सोनेंपणा उणें । न येतांचि झालें लेणें । तेंवि न वेंचतां जग होणें । अंगें जया ॥

सोन्याचं सोनेपण तिळभर कमी न होता त्याचा दागिना झाला. तसं तो परमात्मा स्वतः न खर्चता, स्वतःच्या अंगानं जग झाला. यात "भास" म्हणून झटकलेलं काही नाही. दागिना खोटा ठरवून सोनं खरं, असंही म्हटलेलं नाही. दागिना सोनंच आहे. पुढे द्रष्टा, दृश्य आणि दर्शन, म्हणजे बघणारा, बघितलेलं आणि बघणं, या त्रिपुटीबद्दल येतं, आणि आरसा येतो: आरशापुढे उभं राहिलं म्हणून तोंड दोन झालं नाही, आरसा नव्हता तेव्हाही तोंड होतंच. तो एकच स्वतःला दृश्य करून स्वतःच बघतो.

ज्ञानदेव मायावादी, म्हणजे जगाला भास मानणारे, की चिद्विलासवादी, म्हणजे जगाला चैतन्याचाच विलास मानणारे, हा अभ्यासकांमधला जुना वाद आहे. दोन्हींकडे विद्वान आहेत. पण मी माझ्यापुरतं स्पष्टच लिहिते: मला चिद्विलासच पटतो, आणि ऐकायला गोड आहे म्हणून नव्हे. दृश्य फेकून द्रष्टा वाचवायचा हा मार्ग एका टप्प्यापर्यंत लागतो, मंगळवारच्या रात्री मला तो लागलाच. पण तिथेच थांबलं तर जगाशी एक कोरडेपणा येतो, आणि मी तो वैराग्याच्या नावाखाली काही माणसांत बघितला आहे. ज्ञानदेव साक्षीपाशी थांबत नाहीत. ते मागे वळून दृश्याला हात देतात.

मोतिया सदरा आणि शुभ्र सदरा, दोन्ही दिसणंच आहे. पिवळ्या भिंगातून आलेलं ते दिसणं कमी प्रतीचं दिसणं नव्हतं, त्यातही जाणीव सगळीच्या सगळी होती. ह्यांना मी बघितलं ते बघितलंच.

शनिवार

लिहिताना वाटतं तितकं मिटलेलं नाही. अमृतानुभवाचं सातवं प्रकरण काढलं, अज्ञानखंडनाचं. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत अवघड. तिथे ज्ञानदेव म्हणतात, अज्ञान जर आत्म्यात असेल तर त्यानं आत्म्यालाच अज्ञानी करून सोडायला हवं. मग "अज्ञान आहे" हे कळणार कुणाला? आणि ते कळत असेल तर ते अज्ञान कसलं? युक्तिवाद इतका घट्ट आहे की फट सापडत नाही. अज्ञान नावाची वस्तूच नाही, म्हणून जग अज्ञानातून आलेलं नाही, म्हणून हे सगळं त्या आत्मवस्तूचीच प्रभा.

बुद्धीला हे पटतं. पण ह्यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या वेदनाही त्या प्रभेतच धरायच्या का? रात्री कळ आली की हे माझं मनगट घट्ट धरायचे. तेव्हा मला त्यात विलास दिसला नव्हता, आजही दिसत नाही. सोन्याचा दागिना म्हणताना हार आणि बांगडीच डोळ्यांपुढे येते. हे मनगट कुठे ठेवायचं? ज्ञानदेवांनी स्वतः आईवडिलांचं देहान्त प्रायश्चित्त बघितलं, अशी आपली परंपरा सांगते. पोरकेपण, वाळीत टाकणं, शुद्धिपत्रासाठीची पायपीट. म्हणजे दुःख न बघितलेल्या माणसाचे हे शब्द नव्हेत, एवढं मी धरून ठेवलं आहे. त्यांनी हे कळून लिहिलं असेल तर त्या ओव्यांत याची जागा असणार. मला ती अजून सापडलेली नाही.

मंडळातल्या काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, हा प्रश्न घेऊनच सातवं प्रकरण वाचायचं असतं, बाजूला ठेवून नाही." त्यांच्या मुलाला जाऊन फार काळ झालेला नाही. पुढच्या गुरुवारपासून पासष्टी संपली की आम्ही तेच प्रकरण पहिल्या ओवीपासून घेणार आहोत. डाव्या डोळ्याची तारीख त्यानंतरची मागितली आहे.