इंडियाना जोन्स, जालना रोडमार्गे

हॉलिवूडच्या साहसपटांतल्या पुरातत्त्वज्ञ नायकासारखा पोशाख जमवतोय; आज त्यातला शर्ट घालून ऑफिसला गेलो. १९८१ च्या पहिल्या सिनेमात हॅरिसन फोर्डने घातलेला, इंडियाना जोन्सचा. गोष्ट १९३६ मधली. तपकिरी फेल्ट हॅट, चामड्याचं जॅकेट, खांद्याला ब्रिटिश सैन्याची गॅस मास्कची झोळी. (झोळी दुसऱ्या महायुद्धातली, म्हणजे गोष्टीच्या नंतरची! चालायचंच.)

जॅकेट आधीच बाद केलं. संभाजीनगरात पारा चाळिशीपार असताना चामडं कोण घालणार? वेशभूषाकार डेबोरा नाडूलमन यांनी नवं जॅकेट जुनं दिसावं म्हणून तारेच्या ब्रशने खरवडलं होतं म्हणे. आपल्याकडे ऊन तेच काम फुकटात करतं.

खरी मजा शर्टात. खिशांवरून थेट खालपर्यंत उतरणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या, हीच त्याची ओळख. त्या नसतील तर नुसता सफारी. गुलमंडीजवळच्या टेलरमामांना फोटो दाखवला, तर म्हणाले, "खिशावरून पट्टी कामून? कंडक्टर झाले का तुम्ही?" पण सुती कापडावर अशी सरळ शिलाई मारली की बघत राहावं. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या की दिवसभर घाम जाणवत नाही.

ऑफिसात कुणीच ओळखलं नाही. वॉचमनकाकांनी विचारलं, "वनखात्यात लागले का साहेब?"

हॅटऐवजी सध्या रुमालच बरा. बूट राहिलेत. फोर्डचे आल्डन कंपनीचे होते, ते परवडणारे नाहीत. घोट्याच्या वरपर्यंतचे तपकिरी, लेसवाले शहरात कुठे मिळतील, सांगा.