अकरावं वचन सगळ्यांना पाठ, दहावं कोण वाचतं?

बायबलमधलं यिर्मया २९:११ हे वचन आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला असतं. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे विचार आहेत, अनिष्टाचे नाहीत. वाढदिवस असो, दहावीचा रिझल्ट असो, नवीन गाडी असो, हेच वचन. माझा त्याच्यावर विश्वास आहे म्हणूनच जरा वैतागून लिहितेय, कारण त्याच्या आधीचं दहावं वचन कुणीच टाकत नाही. हे सगळं यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि दहाव्यात देव म्हणतो की बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडं लक्ष देईन. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यातले बरेचसे तिथंच मरणार होते.

मला हे कळलं ते २०१९ च्या पुरानंतर. सांगलीत गावभागात माझं शिलाईचं दुकान, ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे बघा. आम्ही नेसत्या कपड्यानिशी मिरजेला बहिणीकडं. पाणी उतरल्यावर शटर अर्धंच उघडलं, आतून गाळानं दाबून धरलेलं. मशिनच्या बॉबिन केसमध्ये चिखल वाळून सिमेंटसारखा बसलेला, आणि गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस, मापाचे ब्लाऊज सकट, सगळे एकाच रंगाचे झालेले. टाचणीनं लावलेल्या नंबरच्या चिठ्ठ्यांची शाई गेलेली. कुणाचं कापड कुठलं तेच कळंना. राखी तोंडावर, लोकांचे ॲडव्हान्स घेतलेले.

आणि त्यातच फोन. "देवाची काहीतरी योजना असंल गं, धीर धर." बोलणाऱ्या काकूंचं मन चांगलंच आहे, पण त्या वेळी मला फोन आपटावासा वाटला. चर्चमधल्या एका भावाने तर साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी थांबलं, प्रभूनं राखलं. आनंद आहे, खरंच. पण त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली, मग त्यांच्या घरच्यांना आपण काय सांगायचं? जी साक्ष त्यांच्यासमोर उभं राहून देता येत नाही ती मला तरी नको वाटते. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द नाही बोलले. तोंड उघडल्यावरच सगळं बिघडलं.

आमच्याकडं चर्चमधून तरुण पोरं आली ती खराटे, फावडी, रॉकेलचा कॅन घेऊन. प्रार्थना अगदी छोटी केली आणि लागली गाळ ओढायला. शेजारचा भांडीवाला आमच्यातला नाही, पण त्याचा पण गाळ त्यांनीच काढला, त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

नंतर रात्री झोप येत नसायची तेव्हा यिर्मया सुरुवातीपासून वाचायला घेतला. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो सांगतो दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू मोडणार, मंदिरातली पात्रं परत येणार, धरून नेलेली माणसं पण परत येणार. लोकांना कुणाचं ऐकायला आवडलं असेल? आपल्याला पण हनन्याच आवडतो. "हा महिना तुमच्या ब्रेकथ्रूचा" म्हणणारे यूट्यूबवर ढिगानं आहेत. तिकडं यिर्मया पत्रात काय लिहितो, तर घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे देवाची योजना त्यांना समजली नव्हती, फक्त उद्या सकाळी काय करायचं ते समजलं होतं, आणि मला पण तेवढंच पुरलं. का झालं ह्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही, पण मशिनचं हेड उघडून रॉकेलमध्ये बुडवायचं, तेल सोडायचं, गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावायचा हे करता करता मी देवाशी बोलत होते, कधी कधी भांडत पण होते. एक बाई म्हणाली, "राहू दे की, तुझं तर दुकानच गेलंय." दुसरीनं साडीचे पैसे मागितले, तिचं पण बरोबरच होतं, हप्त्यानं दिले.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. ह्या वेळी मशिनी आधीच मिरजेला हलवलेल्या. तेव्हा कुणीतरी विचारलं, एवढी धावपळ म्हणजे विश्वास कमी पडला का? मी म्हटलं, घरं बांधा हे सांगणारा पण तोच देव आहे ना. पावसाळ्यात आमच्या घरात प्रार्थना पण होते आणि कोयनेतून किती विसर्ग सोडलाय ते पण बघितलं जातं. गिऱ्हाइकांना आता सांगूनच ठेवलंय, राखीची शिलाई जुलै लागायच्या आधी घेऊन जायची, नंतर माझी जबाबदारी नाही.