तुम्ही विचारलंत म्हणून : जाहिरातीवर किती खर्च करावा?

सांगलीत कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय करते असे सांगितले की बचत गटांच्या मेळाव्यात, लग्नाच्या पंगतीत, कधी कधी तर बँकेच्या रांगेतही एक प्रश्न हमखास येतो. "आमचा माल चांगला आहे, लोक घरी येऊन घेऊन जातात. आता दुकानांत उतरायचे आहे, तर जाहिरातीवर किती खर्च करावा?" विचारणाऱ्या ताईंना एखादा आकडा हवा असतो. मी मात्र आधी त्यांच्या पाकिटाची किंमत विचारते आणि बराच वेळ बोलणे तिथेच अडते.

समजा, घरून विकले जाणारे 200 ग्रॅमचे पाकीट 100 रुपयांचे आहे आणि ते तयार करायला 70 रुपये लागतात. घरच्या विक्रीत 30 रुपये सुटतात, म्हणून सगळे खूश असतात. तेच पाकीट त्याच छापील किमतीला दुकानात ठेवायचे, तर दुकानदार 20 टक्के ठेवणार, म्हणजे त्याला ते 80 रुपयांना द्यावे लागणार. मधला वितरक त्या 80 रुपयांवर 8 टक्के घेणार आणि आपल्या हाती 73 रुपये 60 पैसे येणार. उलाढाल वाढून जीएसटी लागू झाला की मसाल्यावरचा 5 टक्के करही याच रकमेतून जाणार आणि उरणार 70 रुपयांच्या आसपास. खरेदीवर भरलेल्या कराची थोडी वजावट मिळते, पण ती गाडीभाड्यात आणि मुदत संपून परत आलेल्या मालात कधी जिरते ते कळतही नाही. पहाटे उठून मिरच्यांचे देठ काढणाऱ्या सासूबाईंची मजुरी तर या हिशोबात कुठे धरलेलीच नसते. अशा पाकिटाची जाहिरात जितकी गाजेल तितका धंदा लवकर गोत्यात येईल. म्हणून छापील किंमत ठरवताना घरच्या विक्रीचा भाव विसरून दुकानापासून उलटा हिशोब करत यावे, आणि त्या किमतीला गिऱ्हाईक मिळणार नसेल तर दुकानांचा नाद तूर्त सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर बहुतेक जण लिज्जत पापडाचा दाखला देतात, कारण जाहिरातीतला रामदास पाध्ये यांचा पापड खाणारा बाहुला ससा सगळ्यांना आठवतो. तो ससा फार नंतर आला. 1959 मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम काही महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. वर खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. माझ्या दृष्टीने त्या उद्योगातली ही खाट सशापेक्षा मोठी आहे. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला होता : दोन प्रतींचे पापड न करता एकाच, चांगल्या प्रतीचा पापड करावा आणि हिशोब चोख ठेवावेत. आजही तिथे पीठ एका ठिकाणी मळले जाते, सभासद बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि दुसऱ्या दिवशी पापड तपासून, वजन करूनच घेतले जातात. लाटणारे हात हजारो असले तरी चव एक राहते ती या शिस्तीमुळे.

आमच्या धंद्यात चवीचा प्रश्न मिरचीपाशी येतो. ब्याडगी रंग देते, संकेश्वरी तिखटपणा देते, पण दर हंगामाची मिरची सारखी नसते. त्यामुळे मागच्या वर्षीचे प्रमाण डोळे झाकून घेतले तर रस्सा फिका तरी होतो किंवा जाळ तरी. आमच्याकडे प्रत्येक घाण्याचा नमुना तारीख आणि क्रमांक घालून बरणीत ठेवला जातो आणि नवा मसाला जुन्या बरणीशेजारी चाखल्याशिवाय पाकिटात भरला जात नाही. प्रमाण अंदाजाने न ठेवता वजनाने लिहून भिंतीवर लावलेले असते, कारण व्यवसाय वाढवायचा म्हणजे ज्या दिवशी आपण घरी नसू त्या दिवशीही मसाला तसाच व्हायला हवा.

आता उधारीविषयी. याविषयी कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. पन्नास दुकानांत प्रत्येकी 2,000 रुपयांचा माल टाकला की एक लाख रुपये रस्त्यावर गेले, आणि पहिले बिल मिटण्याआधी दुसरी फेरी दिली की दोन लाख. दुकानदार वाईट नसतो, पण "पुढच्या फेरीला घ्या" हे वाक्य त्याच्या तोंडात बसलेले असते. त्यावर जुने बिल चुकते झाल्याशिवाय नवा माल उतरवायचा नाही, हाच एक उपाय मला टिकलेला दिसला. विक्री प्रतिनिधीला कमिशनही वसुली झालेल्या रकमेवर द्यावे. विक्रीवर दिले की तो दुकाने भरत सुटतो आणि पैसे मागायला आपण जायचे! मोठ्या साखळी दुकानांना किंवा कंपन्यांना माल देणार असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, जरूर करावी. ती मोफत आहे आणि तिच्यामुळे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसल्यास 15 दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मागण्याचा हक्क सूक्ष्म व लघु उद्योगाला मिळतो. 1 एप्रिल 2024 पासून मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मोठ्या खरेदीदारांचे हिशोबनीस मार्चमध्ये अचानक गोड बोलू लागले आहेत. गल्लीतल्या किराणा दुकानदारावर मात्र कायदा दाखवून काही उपयोग होत नाही. तिथे पायी फेऱ्याच माराव्या लागतात.

एवढे जमले की गिऱ्हाईक कोण हा प्रश्न घ्यावा. आमची स्पर्धा दुसऱ्या छापाच्या मसाल्याशी कमी आणि घरच्या वर्षाच्या मसाल्याशी जास्त आहे. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात उभे राहिले की कळते, किती कुटुंबे अजूनही मिरच्या निवडून, भाजून डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून घेतात. ही मंडळी एप्रिल-मेमध्ये आमचे पाकीट कशाला घेतील? ती आमच्याकडे येतात दिवाळीनंतर, बरणीचा तळ दिसू लागल्यावर. म्हणजे आमची खरी विक्री हिवाळ्यात सुरू होते, आणि वर्षभराची मिरची खरेदी करायला रोख पैसा लागतो फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. हिवाळ्याची वसुली तोवर हाती आली नाही तर कर्ज काढावे लागते किंवा हलकी मिरची घ्यावी लागते, आणि हलक्या मिरचीची चव गिऱ्हाईक पुढच्याच पाकिटात ओळखते.

म्हणून आमचा जाहिरातीचा खर्च थोडा आहे आणि तो जवळजवळ सगळा दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत होतो : 10 रुपयांची छोटी पाकिटे, दुकानाच्या दारात टांगायच्या त्यांच्या पट्ट्या आणि नव्या गावात शनिवार-रविवारी गरम रस्सा चाखायला देणारी एक मावशी. ज्या गावातल्या निम्म्याहून अधिक दुकानांनी आपणहून दुसऱ्यांदा माल मागवला आहे, तिथेच आम्ही हा खर्च करतो. बाकीच्या गावांत आधी मी स्वतः जाऊन दुकानदाराला विचारते की पहिले पाकीट नेणारे गिऱ्हाईक परत का आले नाही.