तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या स्वयंपाकघरातला तिसरा रविवार

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी गोव्यात फोंड्यातील आमच्या घरासमोर चार-पाच दुचाक्या उभ्या राहतात आणि पाठीवर लॅपटॉप, हातात मासळीची पिशवी अशा थाटात मंडळी आत शिरतात. त्यामुळे "ताई, तुमच्याकडे हे नेमके काय चालते?" असे शेजारी वरचेवर विचारतात आणि जेवता जेवता फोनवरच्या सरकारी पाळतीविषयी बोलतो हे उत्तर अर्धे ऐकून "पण आपल्यासारख्यांकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" हा दुसरा प्रश्न त्याला जोडतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आम्ही मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणालाही उघडून पाहता आणि बदलता येणारे सॉफ्टवेअर, वापरणारी आणि थोडेफार लिहिणारी माणसे आहोत. पूर्वी पणजीत एका सभागृहात भेटत असू. तिथे पडद्यावर स्लाइड सरकत, सामोसे थंड होत आणि खरे बोलायचे ते परतीच्या बसमध्ये आठवे. सभागृह मिळेनासे झाले तेव्हा मी सर्वांना जेवायला बोलावले, आणि नारळ खवताना, बांगडे साफ करताना माणसे जितकी मोकळी बोलतात तितकी व्याख्यानात बोलत नाहीत, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले. हुमणाचे, म्हणजे माशांच्या आमटीचे, वाटण माझ्याकडे असते. तिरफळांतील काळ्या बिया काढून टाकायच्या, सालपटे नुसती ठेचून उकळत्या हुमणात सोडायची आणि मिक्सरमध्ये मुळीच फिरवायची नाहीत, हे मात्र प्रत्येक नव्या पाहुण्याला बजावून सांगावे लागते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तर दोनदा.

पाळतीचा विषय आमच्याकडे फ्रिजमुळे निघाला. जून 2013 मध्ये हाँगकाँगमध्ये अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन याने भेटीस आलेल्या वकिलांना मोबाइल फ्रिजमध्ये ठेवायला लावले होते, हे कोणीतरी सांगितले आणि लगेच प्रयोग झाला. सोलकढीच्या भांड्याशेजारी फोन ठेवून दार लावले, बाहेरून नंबर फिरवला, तर तो आत व्यवस्थित वाजला. फ्रिजच्या जाड भिंतींमुळे मायक्रोफोनला बाहेरचे बोलणे नीट ऐकू येत नाही, पण लहरी अडत नाहीत. म्हणजे आपण काय बोललो हे कळले नाही तरी फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे हे कळतच राहते. संदेशांचेही असेच असते. सिग्नलसारख्या ॲपमध्ये मजकूर दोन टोकांच्या फोनवरच उलगडतो, मात्र फोन केव्हा आणि कोठून जाळ्याशी जोडला गेला, याची नोंद दूरसंचार कंपनीकडे राहते. सुके बांगडे भाजले की खिडक्या लावूनही गल्लीला बेत कळतो, तसेच.

आता लपवण्याविषयी. माझ्याकडे लपवण्यासारखे खरोखरच काही नाही, पण माझ्या मते प्रश्न तो नव्हेच. आपल्याकडे फोन ऐकण्याची परवानगी एरवी केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव देतो आणि ती योग्य होती की नाही हे तपासणारी समितीही सचिवांचीच असते, केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांच्या आणि राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली. न्यायाधीशाची आगाऊ संमती लागत नाही. फोन ऐकण्याविषयीच्या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच ती अट न घालता अशा समितीवर समाधान मानले. पुढे 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, 1885 च्या तार कायद्याऐवजी 2023 चा दूरसंचार कायदा आला, 2024 मध्ये फोन ऐकण्याविषयीचे नवे नियम आले, तरी हा साचा कायम आहे. शिवाय ज्याचे बोलणे ऐकले त्याला नंतरही कळवले जात नाही, तेव्हा चूक झाली तर तक्रार करणार कोण? रांधणाऱ्याने चव जरूर घ्यावी, पण मीठ बरोबर पडले की नाही हे पानावर बसलेल्याने सांगायचे असते.

आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांना हे पटत नाही. सरकारला गुन्हेगार पकडायचे असतात, प्रत्येक वेळी न्यायालयात कुठे धावणार, असे ते म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तेव्हा मी पेगासस या फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण देते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 29 फोन तपासले आणि 5 फोनांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच होते असा निष्कर्ष निघाला नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने कळवल्याचे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट 2022 मध्ये सांगितले. न्यायालयालाच चव घेऊ दिली नाही तर समितीतले सचिव काय घेणार, असे विचारले की मास्तर हसतात आणि आणखी एक तुकडी मागतात. वाद तिथे संपत नाही, पुढच्या महिन्यावर जातो.

मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद असल्यामुळे येत्या तिसऱ्या रविवारी सुक्या सुंगटांची किसमूर, तायकिळ्याची भाजी आणि उकड्या तांदळाचा भात असा बेत आहे. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेअकराच्या आत यावे आणि येताना एक नारळ आणावा. फ्रिजमध्ये जागा नसल्यामुळे फोन मात्र खिशातच ठेवावा लागेल.